दोन खड्ड्यांच्या संडासाचं चित्रपत्रक: काय दाखवायचं, कसं तपासायचं, कुठे लावायचं

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालं. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत गावोगाव बांधलेल्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासांचे पहिले खड्डे आता भरत आलेत, काही भरून गेलेत. पाणी उतरेनासं झालं की घरचे लोक टँकरवाल्याला फोन लावतात, नाही तर संडासाला कुलूप घालून पुन्हा शेताकडे जायला लागतात. करायचं असतं ते इतकंच: चेंबरचं, म्हणजे संडासाचा पाइप जिथे दोन खड्ड्यांकडे फुटतो त्या छोट्या हौदाचं, झाकण उचलायचं, एका तोंडातली वीट काढून दुसऱ्या तोंडात बसवायची. अर्ध्या तासाचं काम. पण हे काम दाखवणारं चित्र घरात नसतं. पत्रकांवर बहुधा संडासाची रंगवलेली खोली असते, हात धुणारं मूल असतं, घोषवाक्य असतं. चेंबर नसतो.

ही पुस्तिका त्या चित्रासाठी आहे. ग्रामपंचायतीबरोबर काम करणारा इंजिनिअर, डिप्लोमाचा विद्यार्थी, रासेयोचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) गट किंवा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), कुणीही साधारण दोन आठवड्यांत पत्रक तयार करून तपासू शकतो. चित्रकला उत्तम असायची गरज नाही. यंत्रणा नीट समजलेली असायला हवी.

आधी चुका लिहून काढा

पत्रकात काय दाखवायचं, हे संडासात चूक कुठे होते त्यावरून ठरतं. म्हणून पहिला कागद चित्राचा नाही, चुकांच्या यादीचा.

हिशोब साधा आहे. पाच माणसांच्या घराला आतून १ मीटर व्यासाचे आणि पाइपच्या तळापासून खाली १ मीटर खोल असे दोन खड्डे पुरतात. एका खड्ड्याची पोकळी ०.७८५ घनमीटर. माणशी वर्षाला ०.०४५ घनमीटर गाळ धरला तर पाच जणांचा तीन वर्षांचा गाळ ०.६७५ घनमीटर होतो. म्हणजे एक खड्डा तीन वर्षं चालतो. मग प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला दीड ते दोन वर्षं बंद ठेवायचा. पाणी आणि वायू विटांच्या जाळीतून मातीत मुरतात, रोगजंतू मरतात, सगळ्यात चिवट असलेली जंतांची अंडीही या मुदतीत निकामी होतात. उरतं ते काळसर, भुसभुशीत, वास नसलेलं सोनखत.

आता हे बिघडतं कसं ते पाहा.

चेंबरमधली दोन्ही तोंडं उघडी राहिली की दोन्ही खड्डे एकाच वेळी भरतात. कुठलाच विसावत नाही, आणि पुढे उपसायची वेळ आली की आत ताजा मैला असतो. सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. दुसरी चूक एकामागे एक खड्डे जोडण्याची: पहिल्याचं ओव्हरफ्लो दुसऱ्यात. यात दुसऱ्यात नुसतं पाणी जातं आणि पहिला कधीच बंद करता येत नाही. तिसरी, भोकं नसलेल्या सिमेंटच्या रिंगा, आतून गिलावा किंवा तळाला काँक्रीट. पाच माणसांच्या वापरातून दिवसाला साधारण ४५ ते ५० लिटर पाणी खड्ड्यात जातं. मुरायला वाट नसेल तर ७८५ लिटरचा खड्डा सोळा-सतरा दिवसांत तुडुंब. चौथी, “लवकर भरू नये” म्हणून दहा-दहा फूट खोल खणणं. असा खड्डा भूजलाच्या जवळ जातो, त्यातून विहिरी-बोअरचं पाणी बिघडतं, आणि तो घरच्या माणसाला कधीच सुरक्षितपणे रिकामा करता येत नाही. पाचवी, शहरी सपाट भांडं बसवणं. ग्रामीण भांड्याचा उतार २५ ते २८ अंश आणि ट्रॅपमध्ये, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीत, पाण्याची अडवणूक फक्त २० मिलिमीटर असते, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होतं. सपाट भांड्याला बादली ओतावी लागते. सहावी, चेंबर फरशीखाली गाडून टाकणं. शिवाय न्हाणीचं पाणी खड्ड्यात सोडणं, ॲसिड-फिनेल ओतणं, उगाच वर वायूचा पाइप बसवणं.

ही यादी नीट वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. जोडणी, रिंगा, खोली, भांडं, गाडलेला चेंबर या चुका गवंड्याच्या हातून होतात, फार तर चार दिवसांत. वीट न हलवणं, ॲसिड ओतणं या घरच्यांच्या हातून होतात, तीन वर्षांनी. दोघांना एकच पत्रक देऊन चालत नाही. आणि तीन वर्षं कागद टिकत नाही, म्हणून तिसरी गोष्ट हवी: जागेवरच कोरलेली किंवा रंगवलेली खूण.

गवंड्याचं पत्रक

ए-फोर, दोन्ही बाजूंनी छापलेलं, लॅमिनेट केलेलं, कोपऱ्यात भोक पाडून सुतळी बांधलेलं. गवंड्याचे हात मालानं भरलेले असतात. घडी घालावा लागणारा कागद पहिल्याच दिवशी जातो.

मापं फूट-इंचात द्या, मीटर खाली बारीक. आतला व्यास ३ फूट ४ इंच. साडेचार इंची भिंत दोन्ही बाजूंनी धरून खणायचा व्यास सव्वाचार फूट. दोन खड्ड्यांमध्ये कमीत कमी १ मीटर अंतर, नाही तर चालू खड्ड्यातलं पाणी पाझरून बंद खड्ड्यात शिरतं. चेंबरपासून खड्ड्यापर्यंतच्या पाइपला फुटाला एक इंच उतार. १:१५ ही किमान मर्यादा त्यात सांभाळली जाते. पाइप भिंतीच्या आत ४ इंच पुढे काढायचा, नाही तर मैला विटांवरून ओघळून जाळी बुजवतो. विटांचा एक थर सलग आणि त्यावरचा थर भोकांचा, असं आळीपाळीनं. भोक २ इंचांचं. बारीक वाळूची जमीन असेल तर अर्धा इंचच, नाही तर वाळू आत येते. वरचा एक फूट बिनभोकांचा. तळ मातीचाच. काळ्या मातीत भिंतीच्या बाहेरून एक फूट जाडीचा वाळू-खडीचा वेढा द्यायचा, कारण काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी पुढे जाऊ देत नाही.

पाण्याच्या स्रोतापासूनचं अंतर एका आकड्यात सांगू नका. खड्ड्याचा तळ भूजलाच्या वरच्या पातळीपासून २ मीटर किंवा जास्त उंच असेल आणि माती बारीक असेल तर ३ मीटर पुरतं. भूजल त्याहून वर येत असेल तर १० मीटर. पातळी पावसाळ्यातली धरायची, उन्हाळ्यातली नाही. सह्याद्रीच्या पट्ट्यात भेगाळलेला काळा पाषाण लागतो. तिथे पाणी भेगेतून कुठवर जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा घेऊच नये. हे पत्रकात एका स्वतंत्र चौकटीत: वर घर, खाली विहीर, मध्ये भेगा.

भोकाची २ इंचांची रुंदी आणि २० मिलिमीटरची पाण्याची अडवणूक ही दोन मापं पत्रकाच्या काठावर खऱ्या आकारात काढा. गवंडी थापीचं टोक लावून पाहतो, वाचायची गरज पडत नाही. यात धोका असा की छापताना “फिट टू पेज” झालं की सगळं आक्रसतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यासाठी कोपऱ्यात ८६ × ५४ मिलिमीटरची चौकट छापा. एटीएम कार्ड तिच्यावर ठेवलं की तंतोतंत बसलं पाहिजे. बसलं नाही तर पत्रक फेकून द्यायचं.

जमिनीखालचं कसं दाखवायचं

इंजिनिअर कागद घेतला की छेद काढतो. जमीन सुरीनं कापल्यासारखी, खाली खड्डा, आत रेघारेघांचा गाळ. ज्यानं असे नकाशे पाहिलेले नाहीत त्याला तो खड्डा जमिनीच्या पुढे टेकवलेला हौद वाटतो, किंवा पिंप. हे अडाणीपण नाही. छेद ही शिकलेली खूण आहे, जशी नकाशावरची उत्तर दिशा.

वाट अशी काढा. एकाच कोनातून चार चित्रं: पहिल्यात माणूस छातीपर्यंत आत उभा राहून खणतोय, मातीचा ढीग शेजारी, दुसऱ्यात विटांची गोल भिंत वरून तिरकी दिसतेय, तिसऱ्यात दोन्ही झाकणं आणि मधला चेंबर, चौथ्यात वर माती, फक्त चेंबरचं झाकण उघडं. मागचा आंब्याचा किंवा शेवग्याचा बुंधा चारही चित्रांत त्याच जागी ठेवा, म्हणजे जागा तीच आहे हे डोळा ओळखतो. चौथं चित्र पाहताना आत काय आहे ते माणसाच्या मनात आलेलं असतं. त्यानंतर गाळ किती चढला हे दाखवायला समोरची माती फोड काढलेल्या कलिंगडासारखी काढून टाकली तरी चालतं. कापल्याच्या कडा सरळ रेघेत नकोत, खडबडीत मातीच्या हव्यात.

खणणाऱ्या माणसामुळे खोलीही कळते. मापाच्या बाणांपेक्षा छातीला लागलेली जमीन जास्त बोलते.

चेंबरचं चित्र

सगळ्या पत्रकात जिवाचं चित्र हेच. याच्यावर निम्मा वेळ घालवा.

कोन तोच घ्या ज्यातून घरची बाई किंवा पुरुष चेंबरकडे खरोखर पाहतो: उकिडवं बसून, वरून, जरा तिरकं. झाकण बाजूला जमिनीवर पडलेलं, त्यावर एक हात. आत साधारण फूटभर लांब-रुंद चौकोन, तळाशी सिमेंटची घोटीव पन्हळ, इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटलेली. वरच्या बाजूनं संडासाचा पाइप येतो, खालच्या बाजूला दोन तोंडं. एका तोंडात अर्धी वीट. ती पूर्ण काळी भरा. चित्रात दुसरं काहीही इतकं काळं नको. दुसरं तोंड मोकळं, तिकडे पाणी वळलेलं.

त्याच्या शेजारी अगदी तेच चित्र, त्याच आकारात, तीच हाताची ठेवण. फरक एकच: वीट दुसऱ्या तोंडात. दोन चित्रांत एकच गोष्ट बदलली की पाहणारा तीच शोधतो. झाकणाचा कोन बदलला, हाताची बांगडी गायब झाली, की लोक त्याचा अर्थ लावत बसतात. व्हिएन्नात १९२५ पासून ओटो नॉयराट यांनी आकडेवारीसाठी जी चित्रलिपी घडवली तिचा पायाच हा होता, की एका गोष्टीला सगळीकडे एकच आकार. इथेही वीट म्हणजे तोच काळा ठोकळा, सगळ्या चौकटींत.

वीट पक्क्या सिमेंटनं बुजवायची नाही, हेही चित्रातच यायला हवं. कडेनं चिकणमाती किंवा कमी सिमेंटचा माल लिंपलेला दाखवा. पक्का माल घातला तर तीन वर्षांनी छिन्नी-हातोडा लागतो, पन्हळ फुटते आणि मग वीट कधी नीट बसत नाही.

शब्द दोनच पुरतात: “चालू” आणि “बंद”. विजेच्या बटणापासून बोअरच्या पंपापर्यंत हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. “कार्यान्वित खड्डा” असं छापलेलं पत्रक फक्त तालुक्याच्या बैठकीत वाचलं जातं.

कोणती चित्रं टाळायची

महाराष्ट्रात काही आकारांचा अर्थ आधीच ठरलेला आहे. “थांबा” म्हणून उघडा पंजा काढला की तो पक्षाचा हात होतो. “वेळ झाली” म्हणून घड्याळ काढलं तर तेही तसंच. पिसांचा बाण धनुष्यबाणाच्या वाटेनं जातो, झाडूचंही तसंच. पत्रक गावात गेलं की बोलणं खड्ड्यावरून पक्षावर जायला वेळ लागत नाही. मुदत दाखवायला कॅलेंडरचं पान घ्या. दिशा दाखवायला जाड, बिनपिसांचं टोक, तेही पाण्याच्या धारेलाच जोडलेलं. हवेत लटकणारा बाण काढू नका.

लाल रंगाचा अर्थ शेतकऱ्याला कीटकनाशकाच्या डब्यावरून पक्का माहीत आहे: लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. म्हणून लाल फक्त धोक्यासाठी राखा. भरलेला खड्डा लाल आणि रिकामा हिरवा रंगवला तर भरलेला खड्डा घातक आहे असा समज होतो, आणि तो कधीच उघडला जात नाही.

चुकीची कृती दाखवायचीच असेल तर फुली चित्राच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, जाड. कोपऱ्यातली बारीक फुली निसटते आणि लोक चुकीचं चित्र पाहून तसंच करतात. गवंड्याच्या पत्रकात चुकीच्या जोडणीचं चित्र अजिबात नको. घाईत नजर जाते ती आकृतीवर.

वारली शैलीचा मोह अनेकांना होतो. सजावटीच्या पट्टीसाठी घ्यायची तर घ्या, पण सूचनेला ती चालत नाही. त्रिकोणी अंग आणि काडीचे हात यांतून हातात वीट आहे की दगड हे दिसत नाही. शिवाय जव्हार-डहाणूकडे लग्नाचा चौक याच रेषेत लिहिला जातो. तिथे संडासाच्या भिंतीवर ती रेष नेणं लोकांना रुचेल का, हे आधी विचारायला हवं. नेपाळच्या खेड्यांत १९७६ मध्ये युनिसेफच्या मदतीनं झालेल्या पाहणीत आढळलं होतं की फार सुलभ केलेल्या आकृत्यांपेक्षा मागचा पसारा वगळलेली, थोडी छाया दिलेली चित्रं लोकांना चटकन ओळखू येतात. आणि चौकटी डावीकडून उजवीकडे वाचायच्या असतात हे गृहीत धरता येत नाही. दुसरी गोष्ट आजही पाळावी. चौकटी एकाखाली एक लावा, प्रत्येकीला वेगळी जाड कड आणि डोक्यावर मोठा आकडा.

माणसं काढताना दोन निर्णय महत्त्वाचे. संडासात बसलेलं माणूस काढू नका, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला पुरतात. आणि खड्डा उघडून खत काढणारा माणूस घरचा कर्ता असू द्या: त्याच घराचा शर्ट, तीच मिशी, जी पहिल्या चौकटीत होती. कुणी “दुसराच” माणूस फावडं घेऊन आलेला दाखवलात तर तंत्र बदललं तरी जुनी रीत चित्रातून परत येते. हातानं मैला साफ करायला माणूस लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात गांधीवादी कार्यकर्ते आप्पा पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारे संडास करून पाहिले ते याच जाचातून माणसं सोडवण्यासाठी. दोन खड्ड्यांची सगळी कल्पना याच गोष्टीवर उभी आहे, की बंद खड्ड्यातलं सोनखत घरचा माणूस स्वतः काढून स्वतःच्या शेतात टाकू शकतो. चित्रानं ते दाखवलंच पाहिजे. सगळ्या पुरुषांना टोपी-धोतर आणि बायकांना नऊवारी घालू नका. गावात आज जे नेसतात-घालतात तेच काढा.

तपासणी: “कळलं का?” विचारायचं नाही

पहिला कच्चा मसुदा पेन्सिलचाच असावा. छापल्यासारखं सुबक चित्र पाहिलं की लोक चूक दाखवायला संकोचतात.

“कळलं का?” याला उत्तर “हो, कळलं की” असंच येतं, कारण आलेल्या माणसाचं मन मोडायचं नसतं. विचारायचं ते असं: “मावशी, या चित्रात काय चाललंय?” मग गप्प बसायचं. उत्तर आलं की “आणि आता तुम्ही असता तर काय केलं असतं?” जे शब्द येतील ते जसेच्या तसे लिहून घ्या. कुणी काळ्या विटेला “पाटी” म्हणालं, “साबण” म्हणालं, तर तो शब्दच चित्राची दुरुस्ती सांगतो: कडा फार गुळगुळीत झाल्यात, विटेचा खडबडीतपणा आणा.

सासू आणि सुनेला वेगवेगळं विचारा. सासूसमोर सून बोलत नाही, आणि भांड्यात रोज पाणी ओतणारी बहुधा तीच असते. पेरणी आणि सुगीच्या दिवसांत जाऊ नका.

प्रत्येक फेरीला पाच-सहा माणसं पुरतात. दुरुस्ती करायची, नव्या पाच-सहा माणसांकडे जायचं. तीन फेऱ्यांत बहुतेक घोटाळे निघतात. शेवटी वीस जणांची एक मोजणी करा. उत्तरांचे चार ढीग: बरोबर, अर्धवट, चूक आणि उलट. अमेरिकेच्या झेड-५३५ सुरक्षा मानकात चिन्हाला ८५ टक्के बरोबर आणि उलट अर्थ ५ टक्क्यांच्या आत अशी कसोटी आहे. वीस जणांत तिचा अर्थ सतरा बरोबर, आणि उलट फार तर एक. उलट म्हणजे “दोन्ही तोंडं मोकळी करायची” असं उत्तर. तिथे दोन जण निघाले तरी चित्र परत काढायचं.

बोलण्यापेक्षा करून पाहणं खरं. घरच्यांसाठी पंधरा लिटरच्या पत्र्याच्या डब्याला तीन भोकं पाडा, ७५ मिलिमीटर पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे बसवा, खाली दोन बादल्या ठेवा. पत्रक हातात द्या, अर्धी वीट आणि चिखल द्या, काहीही न सांगता “प्रवाह बदला” म्हणा. मग वरून दोन लिटर पाणी ओता. बंद बादलीत किती पाणी पडलं ते मापा. पेलाभर गेलं तरी वीट नीट लिंपलेली नाही, म्हणजे लिंपण्याचं चित्र कमी पडलं. गवंड्याला पत्रक देऊन माल न घालता विटांचे दोन थर गोल रचायला सांगा. भोकात तीन बोटं जाताहेत का पाहा. त्यानं दोन्ही थरांत भोकं ठेवली असतील तर पत्रकातलं चित्र वरून न काढता बाजूनं काढायला हवं होतं.

छपाई

घरच्यांचं पत्रक ए-थ्री. मुख्य रेषा ०.७ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. पूर्ण झाल्यावर त्याचा झेरॉक्स काढा, झेरॉक्सचा झेरॉक्स, त्याचाही झेरॉक्स. ग्रामपंचायतीत पुढची दहा वर्षं तेच होणार आहे. तिसऱ्या प्रतीत वीट आणि मोकळं तोंड ओळखू आलं पाहिजे. रंग गेला तरी अर्थ जाता कामा नये.

अक्षराची उंची ठरवताना वाचणारा किती लांब उभा असेल ते पाहून त्या अंतराला १५० नं भागा. दोन मीटरवरून वाचायचं तर साधारण १३ मिलिमीटर, शिरोरेघेपासून खालच्या अंगाची. मुक्तासारखा मोकळा, जाड वजनाचा फॉन्ट चालतो. ओळींमध्ये दीडपट जागा सोडा, नाही तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. ल आणि श मराठी वळणाचे आलेत का पाहा. बऱ्याच फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात आणि वयस्कर वाचक तिथे अडखळतो. चित्र इंकस्केपसारख्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं असेल तर छापखान्यात देण्याआधी अक्षरांचं पाथमध्ये (म्हणजे नुसत्या आकारांत) रूपांतर करून पीडीएफ द्या. तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं सुटी होतात आणि पाय मोडलेला मजकूर छापला जातो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

झाकणावर आणि दारामागे

कागद हरवतो, काँक्रीट हरवत नाही. खड्ड्यांची दोन इंच जाडीची आरसीसी झाकणं ओतली जात असताना, माल ओला असतानाच, खिळ्यानं एकावर “१” आणि दुसऱ्यावर “२” कोरा. चेंबरच्या झाकणावर दोन्ही बाजूंना तेच आकडे. खर्च शून्य. झाकणं मातीखाली गेली तरी चेंबर उघडल्यावर कोणतं तोंड कोणत्या खड्ड्याकडे जातं हा प्रश्न उरत नाही. काम संपलेलं असेल तर आकडे गेरूनं लिहून भागणार नाही. छिन्नीनं उथळ खोदून त्यात ऑइल पेंट भरा.

दाराच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर चेंबरची दोन चित्रं आणि तारखांचा तक्ता रंगवा. साचा जुन्या एक्स-रे फिल्मचा उत्तम होतो: गरम पाण्यात भिजवून काळा थर घासून काढायचा, मागे चित्र ठेवून धारदार ब्लेडनं कापायचं. “व”, “ब”, “च” यांच्या आतले बेट गळून पडतात, म्हणून प्रत्येक पोकळीला ५ मिलिमीटरचा पूल ठेवावा लागतो. रंग ब्रशनं ओढायचा नाही. स्पंज जवळजवळ कोरडा करून टिपत जायचं. पातळ रंग साच्याखाली पसरतो आणि विटेच्या कडा फुटतात. नव्या गिलाव्यावर लगेच ऑइल पेंट लावलात तर ताज्या सिमेंटमधला चुना तेलाला खातो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. निदान २८ दिवस थांबा, मग प्रायमर, मग रंग.

तक्त्यात तीन ओळी: खड्डा १ बंद केला, खड्डा २ चालू केला, खड्डा १ उघडायचा. तारखा सणांच्या लिहा, त्या लक्षात राहतात. पाडवा २०२६ ला बंद केलेल्या खड्ड्यापुढे “उघडायचा: पाडवा २०२८”. दोन वर्षांची मुदत पुरी होते, चैत्रात जमीन कोरडी असते, आणि सोनखत पेरणीआधी शेतात जातं. झाकण उचलल्यावर आतलं ओलसर निघालं किंवा वास आला तर चेंबरमधून गळती आहे. झाकण परत ठेवून वीट नव्यानं लिंपायची आणि तक्त्यातली तारीख त्या दिवसापासून आणखी दोन वर्षं पुढे लिहायची. वर्षाचे आकडे बदलावे लागतात, म्हणून तेवढी जागा काळ्या फळ्याच्या रंगानं रंगवा आणि खडू दाराच्या चौकटीला सुतळीनं बांधून ठेवा.